बेटावर न उतरण्याचा ठराव

आम्ही सकाळी टेकडीवर फिरायला जाणारी माणसं. कर्वेनगरच्या बाजूने चढायचं, वर बसून सरकारला नावं ठेवायची आणि उन्हं तापायच्या आत उतरून इडली खायची, एवढाच आमचा कार्यक्रम. पण पुण्यात चार माणसं रोज एकाच कट्ट्यावर बसली की त्यांना अध्यक्ष लागतो. आम्हालाही लागला. मग चिटणीस आला, मासिक सभा आली, आणि सभा आली म्हणजे ठराव आलेच. टेकडीवरच्या कुत्र्यांना बिस्किटं घालू नयेत, असा आमचा एक ठराव आहे. कुत्र्यांनी तो अजून मानलेला नाही.

अध्यक्ष माझा शाळेपासूनचा मित्र. नारायण पेठेतल्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. पुढे तो पाटबंधारे खात्यात साहेब झाला, आणि निवृत्त झाल्यावर त्याला हुकूम सोडायला माणसं मिळेनात. तेव्हा आम्ही मिळालो. मी कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवलं. मंडळात सगळे मला 'सर' म्हणतात, तो एकटा 'अरे' म्हणतो. माझी बायकोही मंडळात आहे. ती टेकडीवर येते यापेक्षा ती मला टेकडीवर आणते असं म्हणणं जास्त बरोबर, कारण मला कंपवात आहे.

हात थरथरतो एवढंच लोकांना दिसतं. खरा त्रास पायांचा. चालता चालता ते जमिनीला खिळतात. उंबरा, पायरी, लिफ्टचं दार असं काही समोर आलं की पाऊल उचलतच नाही. मी आतून हुकूम सोडतो आणि पाय सरकारी कचेरीसारखे गप्प बसतात. शिवाय आवाज खाली गेलाय. मी वाक्य जुळवून तोंडाबाहेर काढेपर्यंत समोरच्याने विषय बदललेला असतो. म्हणून माझ्या वतीने बायको बोलते. मी नुसते ओठ हलवले तरी तिला वाक्य कळतं. डॉक्टरांना, दुकानदाराला, हिंजवडीत नोकरीला असलेल्या आमच्या मुलाला, सगळ्यांना माझं म्हणणं तीच पोचवते. आणि ते चोख पोचवते, याबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती.

पुण्याच्या टेकड्या म्हणजे थिजलेला लाव्हा. थरावर थर, पोळ्यांच्या चवडीसारखे. कोट्यवधी वर्षांपूर्वी हे सगळं लालभडक वाहत होतं, हे मी दर वर्षी नव्या मुलांना टेकडीवर नेऊन सांगायचो. कातळावर तळहात टेकवायला लावायचो. एका वर्षी एका मुलीने विचारलं, "सर, तुम्ही ताजा पाहिलाय का?" मुलं हसली, मीही हसलो, पण तो प्रश्न अंगाला चिकटून राहिला. मी जन्मभर मेलेल्या लाव्हावर पोट भरलं होतं. मला एकदा, फक्त एकदा, माझ्याहून वयाने लहान असलेल्या कातळावर पाय ठेवायचा होता. माणसाला काय काय हवं असतं. मला हे हवं होतं.

गालापागोस ही पॅसिफिक महासागरातली ज्वालामुखींची बेटं. लोक तिथे पक्षी आणि कासवं बघायला जातात. मला फर्नांदिना हवं होतं. त्या सगळ्या बेटांत ते सगळ्यांत तरुण. तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे, आणि त्याचा थोडा लाव्हा तर माझ्या निवृत्तीनंतरचा आहे. डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "जायचं तर यंदा जा. पुढच्या वर्षी मला हा प्रश्न विचारू नका."

मग मी मंडळाच्या मागे लागलो. सोसायटीच्या हॉलमध्ये पडद्यावर चित्रं दाखवून व्याख्यान दिलं. मी पुटपुटत होतो आणि बायको मोठ्याने सांगत होती. तिथे मोठी जहाजं नसतात, छोट्या बोटी असतात, सोळा प्रवाशांच्या. आपण सोळाजण निघालो तर अख्खी बोट आपली, आणि स्वयंपाकीही आपल्या सांगण्याप्रमाणे शाकाहारी करील, हे ऐकल्यावर मंडळ हललं. ज्वालामुखी आपला असो नसो, स्वयंपाकघर आपलं असलं पाहिजे. पुढच्या मासिक सभेत ठराव झाला. सूचक मी, अनुमोदक अध्यक्ष.

तिथे विमानतळावरच सगळ्यांच्या बॅगा उघडल्या. बेटांवर बाहेरचं बी-बियाणं चालत नाही. चिटणीसांच्या बॅगेतून मेथीदाणे निघाले, अध्यक्षाच्या बॅगेतून ओवा आणि तीळ. अध्यक्षाने त्या पोरसवद्या अधिकाऱ्याला इंग्रजीत सुनावलं की आमच्याकडे ओवा हे औषध आहे. त्याने ते ऐकून घेतलं आणि पिशवी डब्यात टाकली. माझ्या बॅगेत औषधांशिवाय काही नव्हतं. तेव्हा अध्यक्ष म्हणाला, "तुझं बरं आहे. तुझ्याकडून कोणाला काही धोका नाही."

बोटीवर आमच्या दिमतीला एक वाटाड्या बाई होत्या, त्या बेटांवरच वाढलेल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी नियम सांगितले. बेटावर त्यांच्याशिवाय पाऊल ठेवायचं नाही. सगळ्यांनी एकत्र चालायचं, कोणाला मागे एकटं सोडता येणार नाही. प्राण्यांपासून दोन मीटर लांब राहायचं. आणि काही झालं तरी हात लावायचा नाही, मदतसुद्धा करायची नाही. जे घडतंय ते घडू द्यायचं.

हे शेवटचं म्हणजे काय, ते आम्हाला पहिल्याच किनाऱ्यावर कळलं. वाळूत सी लायनच्या माद्या पसरल्या होत्या आणि त्यांच्यामधून एक पिल्लू सरपटत हिंडत होतं. त्याची कातडी अंगावर ढिली झाली होती, बरगड्या मोजता आल्या असत्या. ते एकेका मादीपाशी जाई, तोंड पुढे करी, आणि मादी त्याचा वास घेऊन त्याला चावायला धावे. बाई म्हणाल्या, याची आई समुद्रावरून परतलेली नाही. प्रत्येक आई फक्त आपलंच पिल्लू पाजते. हे आता फार तर एक-दोन दिवसांचं. पिल्लू तेवढ्यात आमच्याकडे आलं. माझ्या बायकोच्या बुटापाशी येऊन त्याने मान वर केली, आणि ती मागे मागे सरकत गेली, कारण दोन मीटरचा नियम होता. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. चिटणीस फोटो काढत होते. अध्यक्ष मात्र खूश झाला. म्हणाला, "ही शिस्त मला आवडली. आपल्याकडे लाड फार."

परत निघताना गुडघाभर पाण्यातून रबरी होडीत चढायचं होतं. होडीची कड समोर आली आणि माझे पाय खिळले. मागून लाट आली, मी आडवा झालो आणि नाकातोंडात खारं पाणी गेलं. डोळे उघडले तर मंडळ अर्धवर्तुळात उभं राहून माझ्याकडे बघत होतं. कोणी पुढे झालं नाही. दोन मीटरची सवय लागायला एक सकाळ पुरते. बायकोने काखेत हात घालून मला उचललं, आणि उचलताना तिच्या तोंडातून एक आवाज निघाला. कंटाळ्याचा होता. तो मी पहिल्यांदाच ऐकला असं नाही, पण चारचौघांत पहिल्यांदा ऐकला.

पुढच्या बेटावर फ्रिगेट पक्षी होते. नर गळ्याखालची लाल पिशवी फुगवून मादीला बोलावतो, ते बघायला लोक जगाच्या टोकावरून येतात. वाटेत खडकांची एक रांग आडवी आली आणि मी थांबलो. सगळ्यांना थांबावं लागलं, कारण नियमाप्रमाणे कळपाने चालायचं. बायको माझ्या कानाशी "एक, दोन, एक, दोन" म्हणत होती. तसं म्हटलं की कधी कधी पाऊल सुटतं. त्या दिवशी सुटलं नाही. शेवटी पोचलो तेव्हा पक्ष्याने पिशवी मिटून घेतली होती आणि तो ओट्यावरच्या म्हाताऱ्यासारखा बसला होता. चिटणीसांनी त्यासाठी मुद्दाम हातभर लांब भिंगाचा कॅमेरा आणला होता. ते मला म्हणाले, "असू द्या सर. फुगा काय, टिळक रोडवरही मिळतो."

मी हसलो. हसण्यावाचून दुसरं काही पटकन करता येत नाही मला.

त्यानंतर दोन दिवस मी सोप्या किनाऱ्यांवर उतरलो आणि अवघड वाटा आपण होऊन सोडल्या. एवढी अक्कल मला आहे. एका बेटावर गेलो नाही, दुसऱ्यावर वाळूत एका जागी बसून राहिलो, आणि दर वेळी मनाशी म्हटलं, चालेल, हे माझं नव्हेच. पाय फर्नांदिनासाठी राखून ठेवतोय. बायकोलाही हे माहीत होतं. बोट पश्चिमेकडे वळली त्या दुपारी मी तिला विचारलं, उद्याच ना? ती म्हणाली, "हो, उद्याच." आणि माझी टोपी नीट केली.

संध्याकाळी जेवणाच्या खोलीत अध्यक्षाने चमचा ग्लासवर वाजवला. परमुलखात, भर समुद्रात, त्याने सभा भरवली. विषय एकच, उद्याच्या बेटावर उतरण्याबाबत.

पुण्यात एखाद्याला बाहेर काढायचं असलं की आधी त्याचं कौतुक करतात. माझं बराच वेळ कौतुक झालं. सर नसते तर आपण ही बेटं बघितली नसती. सरांची जिद्द, सरांचा व्यासंग, सरांनी या वयात आणि या प्रकृतीत दाखवलेला उत्साह. मी ताटातल्या भाताकडे बघत ऐकत होतो आणि पुढे काय येणार ते ताडत होतो, कारण माझ्या मित्राला मी शाळेपासून ओळखतो आणि त्याने माझं आजवर कधी कौतुक केलेलं नाही.

मग तो मुद्द्यावर आला. त्याचं बोलणं बाईंशी झालं होतं. उद्याची वाट अख्खी लाव्हावरून आहे, भेगांची आहे, उंचसखल आहे. दुपारच्या आत बोटीला नांगर उचलावाच लागणार. सगळ्यांनी एका गतीने चालायचं. एकजण थांबला तर पंधराजण थांबणार, आणि टोकापर्यंत कोणीच पोचणार नाही. हे सगळं खरं होतं. खरं होतं म्हणूनच मला त्याचा इतका राग आला. खोटं असतं तर खोडून तरी काढता आलं असतं.

"तेव्हा," तो म्हणाला, "सरांच्या सुरक्षिततेचा विचार करता त्यांनी उद्या बोटीवर विश्रांती घ्यावी, असा ठराव मी मांडतो." चिटणीसांनी अनुमोदन दिलं. ते भात चावत होते, तोंड मोकळं होण्याचीही त्यांनी वाट बघितली नाही. मग अध्यक्ष म्हणाला, "ठराव एकमताने व्हावा अशी माझी इच्छा आहे. म्हणजे मागाहून कोणाच्या मनात काही राहत नाही." आणि हात वर होऊ लागले. ज्यांच्या घरी मी गणपतीत आरतीला उभा राहतो, ज्यांच्या नातवंडांना मी अकरावीत फुकट शिकवलं, त्यांचे हात. बायकोचा हात टेबलावरच होता. तेवढ्याने मला धीर आला.

मला काही तरी सांगायचं होतं. फार मोठं नव्हतं. मला चालायचं नाही, मला टोकापर्यंत जायचं नाही. मला होडीतून उतरवून पहिल्या दगडावर बसवा, शेजारी एक खलाशी ठेवा, आणि परत जाताना घेऊन जा. बाईंना विचारून तर बघा. सभेत बोलायचं असलं की हात वर करून अध्यक्षांची परवानगी मागायची, हा आमच्या मंडळाचा नियम आहे, आणि तो मीच सुचवलेला आहे, कारण चिटणीस सगळ्यांच्या मध्येच बोलायचे. तर मी परवानगी मागण्यासाठी हात वर केला. थरथरत, अडखळत तो एकदाचा वर गेला.

"बघा," अध्यक्ष म्हणाला. त्याचा आवाज खरोखर भरून आला होता. "याला म्हणतात मोठेपणा. सरांनी स्वतः हात वर केलाय. ठराव एकमताने मंजूर."

टाळ्या पडल्या. माझा हात वरच होता, कारण खाली आणायलाही मला वेळ लागतो. त्या टाळ्यांमध्ये मी बोलत होतो. आवाज कोणाला जात नव्हता, पण ओठ हलत होते, आणि माझी बायको माझ्या शेजारी बसून माझ्या ओठांकडे बघत होती. तिने सगळं वाचलं. पहिला दगड, खलाशी, बाईंना विचारा, सगळं. शेवटपर्यंत वाचून झाल्यावर तिने नजर ताटाकडे वळवली. मी वाट बघितली. टाळ्या थांबल्या, लोक पुन्हा जेवू लागले, आणि ती म्हणाली, "भात वाढू का अजून थोडा?"

सकाळी फर्नांदिना समोर होतं. नकाशावर, पडद्यावर, पुस्तकात मी ते इतक्या वेळा बघितलं होतं की ओळखीचं माणूस भेटावं तसं वाटलं. वर ज्वालामुखीचा रुंद, बुटका डोंगर, आणि तिथून थेट समुद्रापर्यंत आलेला काळा कातळ. किनाऱ्याजवळ त्याला सुरकुत्या पडल्या होत्या, दुधावरची साय बोटाने सरकवली की पडतात तशा. लाव्हा वाहत असताना वरची कातडी आधी थिजते आणि आतला प्रवाह तिला पुढे ढकलतो, म्हणून त्या पडतात. आमच्या टेकडीवर मी मुलांना त्याच्या खुणा शोधायला लावायचो आणि निम्म्या मुलांना त्या सापडायच्या नाहीत. इथे शोधायला लागत नव्हतं.

मी बूट घालून शिडीजवळच्या बाकावर तयार बसलो होतो. कोणी सांगितलं नव्हतं, पण घातले होते. होडी शिडीला लागली. मंडळ लाइफ जॅकेट चढवून रांगेत उभं होतं आणि कोणीही माझ्याकडे बघत नव्हतं. बाई मात्र माझ्यापाशी आल्या. त्यांनी माझ्या बुटांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "काल रात्री मला सांगितलं गेलं की तुम्ही स्वतःच न येण्याचं ठरवलंत," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "नक्की ना? अगदी जवळच उतरून बसायचं असेल, तर मी कप्तानाशी बोलते. एक माणूस तुमच्यासोबत ठेवता येईल."

म्हणजे ते जमणार होतं. मला जे मागायचं होतं, ते ही बाई न मागता देत होती. मी तोंड उघडलं. 'हो' म्हणायला माणसाला किती वेळ लागतो? मला लागतो. जीभ टाळूला लागली होती, श्वास घेऊन झाला होता, शब्द निघण्याच्या बेतात होता, आणि माझ्या बायकोने माझ्या दंडावर हात ठेवून त्या बाईंना सांगितलं, "नक्की. त्यांना विश्रांतीच हवी आहे."

तिचं इंग्रजी चांगलं आहे. स्पष्ट आहे. बाईंनी मान डोलावली आणि त्या होडीत उतरल्या. बायकोने माझी पाण्याची बाटली माझ्या मांडीवर ठेवली, माझ्याकडे न बघता म्हणाली, "उन्हात बसू नका," आणि शिडी उतरून गेली. ती शिडी उतरतानाही तिने मागे वळून बघितलं नाही. मी बघत होतो.

मी वरच्या डेकवर गेलो. कठड्यावर उशी ठेवली, उशीवर दुर्बीण टेकवली, म्हणजे हात थरथरला तरी चित्र फार हलत नाही. मला तिच्यावर इतका संताप आला होता की मी आधी तिलाच शोधली.

मंडळ काळ्या कातळावर पसरलं होतं. कातळावर समुद्री घोरपडी होत्या, शेकड्यांनी, एकमेकींच्या अंगावर पडलेल्या, नाकातून खारं पाणी फवारणाऱ्या. काठावर पंख खुरटलेले पाणकावळे उभे होते. ते उडायचं विसरलेत. अध्यक्ष पुढे चालत होता आणि काठीने काहीतरी दाखवत होता, बहुधा मीच त्याला सांगितलेलं. एकदा एक ससाणा खाली आला आणि त्याने घोरपडीचं एक पिल्लू उचललं. त्याने ते तिथेच, त्यांच्या देखत, दगडावर आपटून फाडायला घेतलं. सगळे कडं करून उभे राहिले आणि कॅमेरे वर गेले. त्या कड्यात माझी बायको नव्हती.

ती सगळ्यांच्या पुढे गेली होती. बाईंच्या बरोबरीने चालत होती, आणि चालताना तिचे दोन्ही हात झुलत होते. हे मला आधी उमजलंच नाही. काहीतरी वेगळं दिसतंय एवढंच कळत होतं. मग कळलं. गेली कित्येक वर्षं तिचा उजवा हात माझ्या दंडात अडकलेला असतो. तिची चाल वाकडी झाली आहे, ती एका बाजूला कलून चालते, आणि मला वाटायचं की हे तिचं वय. वय नव्हतं. ती सरळ चालत होती. भेग आली की ती थांबत नव्हती, उडी मारत होती. तिने टोपी काढली आणि वाऱ्यात केस सोडले. माझ्या बायकोचे केस एवढे लांब आहेत हे मी विसरलो होतो.

पुढे एके ठिकाणी ती थांबली, खाली बसली आणि तिने कातळावर तळहात टेकवला. मी दुर्बीण डोळ्यांत रुतेपर्यंत दाबली. लग्नानंतर पहिल्या वर्षी मी तिला टेकडीवर असंच बसवून कातळावर हात ठेवायला लावला होता. मला वाटलं, ती हे माझ्यासाठी करतेय. मला खरंच वाटलं, अगदी ऊर भरून आला. तेवढ्यात ती चिटणीसांकडे बघून हसली, आणि त्यांनी पुढे होऊन फोटो काढला. मग ती बाजूला सरकली, अध्यक्षाने त्याच जागी तसाच हात टेकवला, आणि त्याचाही फोटो निघाला. एकामागून एक सगळ्यांनी ते केलं. माझ्या कातळावर पंधरा पुणेकरांनी हात ठेवले. मग ते टोकाकडे निघाले आणि ती पुन्हा सगळ्यांच्या पुढे होती.

मी दुर्बीण खाली ठेवली नाही. ठेवायला हवी होती.

ते परत आले तेव्हा उन्हाने सगळ्यांची नाकं लाल झाली होती. अध्यक्ष माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "अरे, अप्रतिम. तू हवा होतास." हे म्हणायला त्याला काहीही वाटलं नाही, आणि मला वाटतं त्यात काही खोटंही नव्हतं. चिटणीसांनी मला कॅमेऱ्यावर सुरकुत्यांचे फोटो दाखवले आणि विचारलं, "सर, याला काय म्हणायचं? मथळा द्यायचाय." मी सांगितलं. त्यांना ऐकू आलं नाही, म्हणून तिथे 'सुंदर दगड' असं लिहून ते मोकळे झाले.

बायको आमच्या खोलीत आली आणि माझ्यासमोरच्या पलंगावर बसली. केस पुन्हा बांधले होते. गुडघ्यावर काळी धूळ होती. गालांवर असा रंग होता की ती पंधरा वर्षांनी लहान दिसत होती. मी विचारलं, कसं होतं?

"काही विशेष नव्हतं हो," ती म्हणाली. "आपल्या टेकडीसारखेच दगड. उन्हाचा नुसता ताप. तुम्ही काही गमावलं नाहीत."

तिने हे माझ्यावरच्या दयेने म्हटलं. मी सगळं बघितलंय, हे तिला माहीत नव्हतं. मला ओरडायचं होतं. तू उडी मारलीस, तू हसलीस, तू माझ्या वतीने नाही म्हणालीस. यातलं एकही वाक्य जुळवता आलं नाही आणि ओठही मी मिटून घेतले, कारण ते तिने वाचले असते.

तिने वाकून माझ्या बुटांच्या नाड्या सोडल्या. सोडता सोडता, मान वर न करता म्हणाली, "उद्याची वाटही खडकांचीच आहे म्हणे. बाई सांगत होत्या." तिने एक बूट काढला, दुसरा काढला, दोन्ही पलंगाखाली सारले, आणि तरीही ती खालीच बसून राहिली. मग तिने माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे साडी मागितली, घर मागितलं, एकदा भांडणात घटस्फोटही मागितला, पण मागताना ती कधी घाबरली नव्हती. आता घाबरली होती.

"तुम्ही उद्याही बोटीवरच थांबाल ना?" तिने विचारलं.

"थांबेन," मी म्हटलं. हा शब्द मात्र लगेच निघाला.

तिने रोखून धरलेला श्वास सोडला. तो आवाज मला ऐकू जाऊ नये म्हणून ती खोकली.